डेरिव्हेटिव्ह येतं, पण गणित मांडताच येत नाही

फोंड्याकडची बारावी सायन्सची मुलगी, आईबरोबर आली होती (तिला विचारूनच लिहितेय, ओळखीचे तपशील बदललेत). बोलत आईच होती. "टीचर, रात्री बारा-बारापर्यंत जागते, पण मॅक्सिमा मिनिमाचं, म्हणजे जास्तीत जास्त किंवा कमीत कमी किती ते काढायचं गणित आलं की पान कोरं, मग इंजिनीअरिंगचा विचार सोडूनच देऊया का?" हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी घेऊन येतंच.

आईला जरा बाहेर बसवलं. मुलीला दोन-तीन डेरिव्हेटिव्ह (एखादी गोष्ट किती वेगाने बदलते ते) विचारली, सगळी पटापट सांगितली, चेन रूलसुद्धा. मग अडतं कुठे? म्हणाली, "टीचर, गणित वाचलं की एक्स कशाला धरायचा तेच कळत नाही, आणि बाजूची मुलं लिहायला लागलेली दिसली की छातीत धडधडतं." म्हणजे कॅल्क्युलस तिला येत होतं, भीती होती ती पहिल्या ओळीची, आणि घरी सगळे तिला अजून डेरिव्हेटिव्हच घोटायला लावत होते.

त्यांचं नदीकाठी कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. म्हटलं, ६० मीटर तार आहे, नदीची बाजू मोकळी, तीन बाजूंना कुंपण घालायचंय, जास्तीत जास्त जागा कशी मिळेल? एक्स नको, आकडा धर. तिने चित्र काढलं, रुंदी १० धरली, लांबी राहिली ४०, जागा ४०० चौरस मीटर. मग २० धरली, लांबीपण २०, परत ४००! चकित झाली. मधला १५ घेतला तर लांबी ३०, जागा ४५०. आता विचारलं, ४० कुठून आले? "६० मधून दोनदा १० वजा केले." मग त्या १० च्या जागी एक्स लिही. तिने लिहिलं, एक्स गुणिले (६० − २एक्स), आणि माझ्याकडे बघतच राहिली, कारण जी ओळ तिला महिनाभर सुचत नव्हती ती तिनेच लिहिली होती.

पुढच्या वेळी १८ सेंटीमीटरचा चौकोनी पुठ्ठा आणि कात्री दिली, तेच पुस्तकातलं गणित, चारही कोपऱ्यांतून एक्स सेंटीमीटरचे चौकोन कापून वरून उघडा, जास्तीत जास्त मावेल असा डबा करायचा. व्हॉल्यूम आला एक्स गुणिले (१८ − २एक्स) चा वर्ग, डेरिव्हेटिव्ह शून्य धरलं तर एक्स ३ किंवा ९. पुठ्ठा हातात होता म्हणून लगेच म्हणाली, ९ कापले तर काही उरतच नाही, डबा कसला! ३ चा डबा ४३२ घन सेंटीमीटरचा. एरवी ९ का सोडायचा ते मुलं पाठ करतात, मला ते अजिबात पटत नाही.

आईला एवढंच सांगितलं की महिनाभर मार्क विचारू नका, चित्र काढलं का तेवढं विचारा, आणि इंजिनीअरिंगचा निर्णय भीतीच्या दिवसांत तर नकोच.

धडधड लगेच गेली नाही, टेस्टमध्ये एकदा परत अडलीच. पण परवा वही घेऊन आली, कमानीच्या खिडकीचं गणित, खाली आयत, वर अर्धवर्तुळ, घेर १० मीटर. रुंदी २ धरून आयताची उंची साधारण २.४३ काढली होती, पुढे अडली होती. म्हटलं, बरं, आता तो २ खोडून एक्स लिही.