वही परत आण

प्रिय मुली,

चार पानांच्या पत्रातली साडेतीन पाने तू वडिलांवर खर्च केली आहेस. वनस्पतिशास्त्राच्या पदवीचे शेवटचे वर्ष संपत आले आहे, तुला परिसंस्थांवर संशोधन करायचे आहे, आणि वडिलांच्या मते रानावनात हिंडणे हे मुलींचे काम नसल्यामुळे तू प्रयोगशाळेतला विषय घ्यावास. सरांनीही त्यांचीच री ओढली. वडिलांची समजूत कशी घालावी, एवढेच तुला माझ्याकडून हवे आहे.

मला मात्र शेवटच्या पानावरचे एक वाक्य सोडवेना. पहिल्या वर्षापासून दर रविवारी तू वसतिगृहाच्या कुंपणालगतच्या १७ झाडांची कळी, फूल, फळ, पालवी आणि पानगळ टिपत आलीस. "ती वही सध्या एका वर्गमित्राकडे आहे, त्याला प्रकल्पासाठी हवी होती, तो मनाने चांगला आहे," असे लिहून तू पुन्हा वडिलांकडे वळलीस.

ती वही त्याच्याकडे का आहे?

तू ज्याला नाद म्हणतेस, त्या कामाला फिनॉलॉजी म्हणतात. झाडांना क्रमांक द्यायचे, ठरल्या अंतराने तीच झाडे पाहायची आणि काही घडले नसेल तर तेही लिहायचे, ही शिस्त तुला कोणी न शिकवता जमली आहे. नऊ क्रमांकाचे झाड गेल्या वर्षी शेजारच्या त्याच जातीच्या झाडापेक्षा तीन आठवडे उशिरा फुलले, हे तू जाता जाता सांगून टाकलेस. अगं, संशोधन अशाच प्रश्नापासून सुरू होते!

अमेरिकन पक्षी-अभ्यासक मार्गारेट मोर्स नाइस यांनी १९०६ मध्ये पदवी घेतली आणि पुढे एका पक्ष्याच्या आहारावर संशोधनही केले, पण लग्नानंतर त्यांची डॉक्टरेट राहून गेली. पाच मुलींची आई असलेल्या या बाईंनी पुढे अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, घराजवळच्या नदीकाठी, साँग स्पॅरो पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घातली, म्हणजे प्रत्येक पक्षी वेगळा ओळखू येईल, आणि वर्षानुवर्षे टिपणे ठेवली. १९३७ आणि १९४३ मध्ये तो अभ्यास दोन खंडांत छापला गेला, तो त्यांच्याच नावावर. टिपणे त्यांनी कोणाला देऊन टाकली नव्हती.

तुझा मित्र मनाने चांगला असेल. मला त्याच्या मनाशी कर्तव्य नाही. प्रकल्पावर त्याचे नाव येईल आणि तुझे आभाराच्या ओळीत, तेही त्याला आठवले तर. उद्या मुलाखतीत तू स्वतः काय केलेस असे कोणी विचारले, की तू वडिलांची परवानगी नव्हती म्हणून सांगणार आहेस का? वडिलांनी तुला अजून अडवलेले नाही, ते नुसते बोलले आहेत. वही मात्र तू स्वतःच्या हाताने दिलीस.

तेव्हा उद्या सकाळी जा आणि ती माग. कारणे देत बसू नकोस, आणि दोन दिवसांत देतो म्हणाला तर तिथेच थांब. नोंदी वापरायच्या असतील तर प्रकल्पावर दोघांची नावे येतील, हे सरांसमोर लिहून घे. वडिलांशी बोलणे त्यानंतर, वही समोर ठेवून.

आणि वही हाती आली की येत्या रविवारपासून पुन्हा सुरुवात कर. मधले जेवढे रविवार चुकले असतील तेवढे कोरे ठेव. आठवून किंवा अंदाजाने भरू नकोस.