मालगाड्यांच्या मुख्य मार्गावर प्रवासी गाडी

प्रश्न : अमेरिकेत शिकागो ते लॉस एंजेलिस धावणारी ॲमट्रॅकची (देशव्यापी प्रवासी रेल्वे कंपनीची) ‘साउथवेस्ट चीफ’ ही गाडी रॅटन घाटातल्या जुन्या मार्गाने जाते. त्या मार्गावर मालगाड्या जवळजवळ उरलेल्या नाहीत. उलट तो मार्ग ज्या मालवाहू कंपनीचा आहे, त्याच बीएनएसएफचा उत्तम राखलेला मुख्य मार्ग दक्षिणेकडून, अमॅरिलोवरून जातो. गाडी तिकडे वळवत का नाहीत? कायद्याने प्रवासी गाडीला प्राधान्य असताना अडते कुठे?

उत्तर : वळवण्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. रॅटन घाटाचा चढ जास्तीत जास्त साडेतीन टक्के, म्हणजे मुख्य मार्गांच्या मानाने फारच तीव्र आहे, आणि मालगाड्यांचे उत्पन्न नसलेल्या रुळांच्या देखभालीचा खर्च कोणी करायचा, हा वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. २०१८ मध्ये तर डॉज सिटी ते आल्बुकर्की हा टप्पा बसने पार करण्याचा प्रस्ताव ॲमट्रॅकनेच मांडला होता. शिवाय दक्षिणेकडे वळल्यास विचिटा आणि अमॅरिलो ही मोठी शहरे पुन्हा प्रवासी रेल्वेला जोडली जातील. अमॅरिलोची प्रवासी गाडी १९७१ मध्ये, ॲमट्रॅक सुरू होतानाच बंद झाली आणि विचिटाची १९७९ मध्ये.

अडचण आहे ती मार्गावरच्या गर्दीची. हा मार्ग बहुतांशी दुहेरी आहे, पण त्यावर कंटेनरच्या वेगवान गाड्यांबरोबर धान्याच्या संथ गाड्याही धावतात. सर्व गाड्या एकाच वेगाने धावत असतील तर रुळांची क्षमता पुरेपूर वापरता येते. मात्र अधिक वेगाची आणि स्थानकांवर थांबणारी एक गाडी मध्ये शिरली, की पुढच्या मालगाडीला मागे टाकण्यासाठी तिला समोरून येणाऱ्या गाड्यांच्या रुळावर न्यावे लागते आणि दोन्ही दिशांचे वेळापत्रक विस्कटते. म्हणून एका प्रवासी गाडीमुळे एकापेक्षा अधिक मालगाड्यांची जागा अडते, ही मालवाहू कंपन्यांची तक्रार निव्वळ कांगावा नव्हे. जिथे मार्ग एकेरी आहे, तिथे दोन-तीन मैल लांबीची मालगाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूला थांबण्यासाठीच्या जोडरुळावर, मावतच नाही. साहजिकच बाजूला थांबावे लागते ते प्रवासी गाडीला, कायद्यात काहीही लिहिलेले असो.

तो कायदा १९७३ पासूनचा आहे. तो मोडल्याबद्दल मालवाहू कंपनीला न्यायालयात खेचण्याचा अधिकार मात्र ॲमट्रॅकला नाही. तो केवळ देशाच्या ॲटर्नी जनरलकडे आहे. १९७९ मध्ये सदर्न पॅसिफिकविरुद्ध असा दावा झाला आणि त्यानंतरचा, नॉरफोक सदर्नविरुद्धचा, थेट २०२४ मध्ये. इतक्या क्वचित बजावल्या जाणाऱ्या अधिकाराच्या भरवशावर वेळापत्रक आखणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

पैशाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. यजमान कंपनीचे, म्हणजे ज्या मालवाहू कंपनीच्या मार्गावरून गाडी जाते तिचे, रूळ वापरण्यासाठी ॲमट्रॅक केवळ आपल्या गाडीमुळे वाढणारा खर्च भरते; पण नव्या मार्गासाठी जादा रूळ, सिग्नल आणि फलाट बांधायचे झाल्यास किती व कोणाच्या खर्चाने, यावर खरी रस्सीखेच होते. मालवाहतुकीत अवाजवी अडथळा येईल हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने यजमान कंपनीवर टाकला आहे, तरीही न्यू ऑर्लिन्स ते मोबील हा जेमतेम २३० किलोमीटरचा टप्पा, २००५ च्या कॅटरिना वादळात खंडित झालेला, पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडले. त्यासाठी ॲमट्रॅकला २०२१ मध्ये सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड या रेल्वेच्या केंद्रीय नियामक मंडळाकडे धाव घ्यावी लागली होती. पुढच्या वर्षी तडजोड झाली, तरी गाडी धावायला आणखी जवळजवळ तीन वर्षे गेली.

अमॅरिलोच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. हा मार्ग आल्बुकर्कीला न जाता दक्षिणेला सुमारे ५५ किलोमीटरवर बेलेनहून पश्चिमेकडे निघतो. आल्बुकर्की वगळणे परवडणारे नाही आणि न वगळावे तर गाडीला उत्तरेकडे जाऊन उलट फिरावे लागेल. ट्रिनिडाड, रॅटन, लास वेगास (न्यू मेक्सिकोमधले) यांसारख्या गावांची गाडी जाईल ते वेगळेच. त्यामुळे आहे तो घाटमार्ग सार्वजनिक पैशातून दुरुस्त ठेवणे हेच मला आज अधिक व्यवहार्य वाटते. अमॅरिलोला गाडी द्यायची तर ती स्वतंत्र असावी.

प्रश्न : मग पूर किंवा दरड आली की गाड्या ऐनवेळी दुसऱ्या मार्गाने कशा नेतात?

उत्तर : तसे वळवणे एकदोन दिवसांपुरते असते आणि यजमान कंपनीने सवड दिली तरच शक्य होते. ॲमट्रॅकच्या चालकाला अनोळखी मार्गावर स्वतःहून गाडी नेता येत नाही. तिथले चढ, वळणे आणि सिग्नल माहीत असलेला यजमान कंपनीचा कर्मचारी सोबत घ्यावा लागतो. तसा माणूस मिळाला नाही, तर मार्ग मोकळा असूनही गाडी रद्द होते. वळवलेल्या वाटेवर बहुधा थांबे नसतात आणि मधल्या स्थानकांच्या प्रवाशांना बसने जावे लागते.