वाचकांच्या शंका : चहातली गोळी आणि बाकीचे ताट

प्रश्न : माझे यजमान सदुसष्ट वर्षांचे असून त्यांना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. दिवसातून चार वेळा चहा होतो आणि प्रत्येक कपात साखरेऐवजी दोन गोळ्या पडतात. या गोळ्यांमुळे कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केल्याचा मजकूर मुलाने मोबाइलवर दाखवला. तेव्हापासून डबी फडताळात पडून आहे आणि यजमान पुन्हा साखरेचा चहा मागतात. काय करावे? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : साखरेची बरणी ओट्यावर परत आली असेल, तर आधी ती आत ठेवा, डबीचा विचार त्यानंतर करू.

तुम्हाला आलेला मजकूर अर्धा खरा आहे, आणि अर्धे खरे निस्तरणे नेहमीच अवघड जाते. जुलै २०२३ मध्ये, अशा गोळ्यांत साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या ॲस्पार्टेम या गोडव्याविषयी दोन निष्कर्ष एकाच वेळी जाहीर झाले. आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता आहे’ अशा २-ब गटात ठेवले, तर अन्नातील मिसळद्रव्यांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा बदलण्याचे कारण दिसत नाही, असे सांगितले. पहिली संस्था एखाद्या पदार्थामुळे कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा किती भक्कम आहे, एवढेच तपासते; तो किती खाल्ल्यावर अपाय होईल हा प्रश्न दुसऱ्या समितीपुढे असतो. मोबाइलवरच्या मजकुरात पहिलाच निष्कर्ष आला. त्याच २-ब गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे, आणि मद्य तर ‘निश्चित कारणीभूत’ अशा पहिल्या गटात आहे. वाइनवर अभिमान सांगणाऱ्या आपल्या शहरात ही दुसरी गोष्ट मात्र कोणी कोणाला पाठवत नाही.

आता तुमच्या घरचा हिशेब मांडू. यजमानांचे वजन ६५ किलो धरले, तर मर्यादा दिवसाला २,६०० मिलिग्रॅम होते. ॲस्पार्टेमच्या एका गोळीत साधारण १८ ते २० मिलिग्रॅम असते, म्हणजे आठ गोळ्यांचे जास्तीत जास्त १६० मिलिग्रॅम. मर्यादेच्या सोळाव्या हिश्श्याच्या आसपास. डबीवर सुक्रालोज किंवा सॅकरिन अशा दुसऱ्या गोडव्याचे नाव असेल तर मर्यादेचे आकडे वेगळे असतात, म्हणून डबी उलटी करून बारीक अक्षरातले घटक एकदा वाचा. फेनिलकीटोन्युरिया हा दुर्मीळ जन्मजात विकार असणाऱ्यांनी ॲस्पार्टेम घेऊ नये ही सूचनाही तिथेच छापलेली सापडेल.

सॅकरिनवरही असाच आळ आला होता. सत्तरच्या दशकात उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्यामुळे अमेरिकेत त्यावर इशारा छापणे सक्तीचे झाले. पुढे, गाठी होण्याची ती प्रक्रिया उंदरांच्या शरीरापुरतीच असल्याचे दिसले आणि २००० मध्ये इशारा काढण्यात आला.

मग शंकेला जागाच नाही का? आहे, पण ती कर्करोगापेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नये, अशी शिफारस केली. अनेक वर्षे चाललेल्या पाहण्यांत हे गोडवे नियमित घेणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळले होते. मात्र ज्यांचे वजन आधीच वाढू लागले आहे तीच माणसे गोळीकडे वळतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे अशा पाहण्यांवरून ठरत नाही. म्हणूनच ती शिफारस सशर्त ठेवली गेली, आणि आधीपासून मधुमेह असणाऱ्यांना ती लागू नाही असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. इस्रायलमध्ये १२० निरोगी माणसांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दोन आठवडे सॅकरिन किंवा सुक्रालोज घेतल्यावर ग्लुकोज प्यायल्यानंतरची रक्तशर्करा आधीपेक्षा जास्त चढलेली दिसली आणि आतड्यातील जिवाणूंतही बदल झाले. प्रयोग लहान आणि थोड्या दिवसांचा होता. तरी गोळी शरीरातून काहीही न करता निघून जाते, हे आता छातीठोकपणे सांगता येत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर डबी बाहेर काढली असती आणि कपामागे दोनाची एक गोळी केली असती. दोन-तीन आठवड्यांत जीभ कमी गोडाला सरावते. आणखी एक, चहा उकळताना गोळी पातेल्यात टाकू नका. ॲस्पार्टेम उकळले की त्याचा गोडवा उतरतो, आणि पुष्कळ घरांत दोनाच्या तीन गोळ्या होतात त्या यामुळेच. कपात चहा गाळल्यावर ती घालावी.

आठ गोळ्यांनी वाचतात ते आठ चमचे साखर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम आणि १६० कॅलरी. ही बचत खरी आहे, पण ती कुठे खर्च होते तेही पाहायला हवे. रविवारी मिसळ खायला गेल्यावर चार पाव, शेवटी जिलेबी, आणि वर ‘माझा चहा बिनसाखरेचा सांगा’ असे बजावणारी माणसे मी शेजारच्या टेबलावर अनेकदा पाहिली आहेत. चार पावांतला मैदाच रक्तात जाऊन त्या ४० ग्रॅम साखरेच्या पुढे जातो. गोळीला दोष देण्याआधी यजमानांच्या चहाबरोबर खारी, टोस्ट, बिस्किटे किती जातात ते आठवडाभर वहीत लिहून पाहा.

प्रश्न : दिवाळीत ‘शुगर-फ्री’ काजूकतली आणली होती. मधुमेहींना ती निर्धास्त खाता येते का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : निर्धास्त नाही. बर्फीत साखर गोडव्याइतकीच वजनासाठीही असते. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असल्याने ते चिमूटभरच लागते, आणि रिकामी झालेली जागा भरायला अनेकदा माल्टिटॉल किंवा माल्टोडेक्स्ट्रिन घातले जाते. माल्टिटॉलमध्ये साखरेच्या निम्म्याहून थोड्या जास्त कॅलरी असतात आणि ते जास्त खाल्ल्यास पोट बिघडते. माल्टोडेक्स्ट्रिन तर रक्तशर्करा भराभर वाढवते. काजू जसेच्या तसेच राहतात. खजूर-अंजिराच्या वड्यांवरही हेच नाव लावतात, पण खजुराचा सुमारे दोन तृतीयांश भाग साखरच असतो. आपल्याकडचे बेदाणेही त्याच रांगेतले.

प्रश्न : सासूबाई इन्सुलिन घेतात. एका सकाळी त्यांना दरदरून घाम आला, हात थरथरू लागले. साखर कमी झाली असावी म्हणून मी घाईघाईने गोड चहा दिला, पण बराच वेळ बरे वाटेना. नंतर लक्षात आले की चहात गोळी होती. (एक वाचक, सिडको)

उत्तर : गोळीने जीभ गोड होते, रक्तात ग्लुकोज जात नाही. अशा वेळी खरी साखरच द्यावी लागते : तीन चमचे साखर किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून पाजावी, पंधरा मिनिटांनी यंत्रावर मोजावे, आणि आकडा ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. बरे वाटल्यावर पोळी किंवा भात असे काही खायला घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. असा प्रसंग आला होता हे त्यांच्या डॉक्टरांना कळवा, इन्सुलिनची मात्रा तपासावी लागेल. आणि घरात कोणीही साखर खात नसले, तरी ग्लुकोज पावडरचा एक डबा त्यांच्या उशाशी, नाव ठळक लिहून, गोळ्यांच्या डबीपासून लांब ठेवा.