टिटवीची अंडी आणि तुझी नवी लेन्स

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा भिगवणचा फोटो मिळाला. रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, अख्खा थवा एकदम उठलाय, पंखांतला लाल-काळा रंग कोवळ्या उन्हात पेटलाय. फोटो देखणा आहे यात वादच नाही. सोबत तू विचारलंयस, ४०० मिलिमीटरची लेन्स पुरेल की कर्ज काढून ६०० ची घेऊ? उत्तर सोपं आहे : ४०० पुरते, कर्ज काढू नकोस. पण त्याआधी मला त्या फोटोबद्दलच विचारायचंय. सगळा थवा एकाच वेळी का उठला?

रोहित उगाच उडत नाहीत. उथळ पाण्यात मान खाली घालून, डोकं उलटं करून ते चोचीनं चिखलपाणी गाळत असतात. उडायचं तर आधी पाण्यावरून धावावं लागतं, एवढं मोठं अंग उचलायचं म्हणजे जोर लागतो. मला वाटतं, तुमची होडी त्यांच्या फार जवळ गेली. तिथल्या कुंभारगाव-डिकसळचे नावाडी मूळचे मासेमारी करणारे, उजनी धरणाचं पाणी आणि त्यावरची पाखरं त्यांना पाठ असतात. पण शहरातला पाहुणा ‘जरा उडवा ना’ म्हणाला की पोटासाठी त्यांनाही नाही म्हणणं जड जातं. पुढच्या खेपेला होडीत बसतानाच सांग, ‘दादा, थवा उठवायचा नाही, लांबूनच बघू.’ मग तेच तुला असं काही दाखवतील, जे मागून मिळत नाही.

हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. मी याहून वाईट वागलोय.

सुप्याकडच्या माळावर एका एप्रिलमध्ये मला टिटवीचं घरटं सापडलं. घरटं म्हणजे काय, जमिनीत जरासा खळगा आणि कडेनं चार खडे. आत चार अंडी, मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची, निमुळती टोकं आत वळवलेली. नजर क्षणभर हलली तर परत सापडू नयेत अशी. मी वीसेक पावलांवर ट्रायपॉड लावला. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती आणि मी खूश होतो, चोच उघडलेली, डोळ्यापुढची लाल चामडी चमकणारी, एकेक फोटो कसा जिवंत! पाऊण तास गेला. मेंढरं घेऊन चाललेला एक म्हातारा धनगर थांबला आणि म्हणाला, ‘पाव्हणं, ते पाखरू तुमच्यापायी अंड्यावर बसंना. ऊन बघा की.’

मी ऊन बघितलं. दुपारचे साडेबारा झाले होते.

सामान उचलून लांबच्या बाभळीखाली जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं टिटवी आली. चार पावलं धावायची, थांबायची, इकडेतिकडे बघायची. दुर्बिणीतून पाहिलं तर तिच्या पोटाची पिसं ओली, एकमेकांना चिकटलेली. कुठल्याशा डबक्यात पोट भिजवून आली होती. खळग्याशी येऊन तिनं पिसं फुलवली आणि अगदी हळू अंड्यांवर टेकली. ओल्या पोटानं ती अंडी थंड करत होती. तेवढ्या अंतरावरून माझ्या फोटोत ती एक ठिपका आली. जवळून काढलेले सगळे फोटो मी पुसून टाकले, तो ठिपका ठेवलाय. त्या अंड्यांचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही, आणि ती बोच अजून आहे.

म्हणून माझं ऐकशील तर वर्षभर एकच जागा धर. तुझ्या घरामागचं तळं चालेल. दर आठवड्याला, त्याच वेळी जा. कवड्या धीवर, म्हणजे काळा-पांढरा खंड्या, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, मान खाली वळते, आणि मग तो दगडासारखा पडतो. ती मान वळताना ओळखायला लागलीस की बोट आपोआप बटणावर जाईल. बसलेला पक्षी उडायच्या आधी बहुतेकदा शिटतो, अंग आखडतो, वाऱ्याकडे तोंड करतो. या खुणा कुठल्याच लेन्सबरोबर मिळत नाहीत. बाकी तांत्रिक म्हणशील तर उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंदाच्या आसपास, फोकस डोळ्यावर, आणि पोटावर झोपून पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला ये. कपडे मळतील. मळू देत.

आणि फोटो नुसता भिंतीवर लावायचा नसतो. मंगोलियात पट्टकादंबांच्या, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेल्या रानहंसांच्या, गळ्यात अक्षरं-आकड्यांची पट्टी घालतात. हिमालय ओलांडून ते आपल्याकडच्या तळ्यांवर उतरतात. कुणाच्या फोटोत ती अक्षरं नीट वाचता आली की तो पक्षी कुठून निघून कुठे पोचला ते कळतं. जुन्या काळी पक्षी नोंदवायचा म्हणजे गोळी घालून कातडं संग्रहालयात ठेवायचं. रानपिंगळा या छोट्या घुबडाचा शेवटचा खरा नमुना १८८४ चा, त्यानंतर तो संपला असंच धरून चालले होते. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला, आणि या वेळी त्याला मारावं लागलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्या हातातलं यंत्र पक्ष्याला जिवंत ठेवून त्याची साक्ष देऊ शकतं.

घरट्याची जागा मात्र कधीच कुणाला कळवू नकोस, ग्रुपवर तर नाहीच. फोटो मोकळा यावा म्हणून घरट्याभोवतीची डहाळी छाटणारे मी पाहिलेत. त्या डहाळीनं पिल्लांवरचं ऊन आणि घारीची नजर अडवलेली असते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायची सवयही लावून घेऊ नकोस, विणीच्या दिवसांत तर मुळीच नको.

आता मार्च लागला, टिटव्या जोडीनं फिरायला लागल्या असतील. आपल्याकडचे शेतकरी टिटवीनं अंडी उंचावर घातली की यंदा पाऊस जास्त म्हणतात. तुझ्या तळ्याकाठी कुठे घातली ते लांबून बघ आणि मला पत्रानं कळव. पुढच्या रविवारी पहाटे पाचला मी स्टँडवर असेन. टोपी आण, पाण्याची बाटली आण, आणि जुनीच लेन्स आण.

तुझा,
काका