निपाणीतल्या घरच्या सर्व्हरवर सेंटओएस ७ च्या जागी काय टाकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: निपाणीत घरी तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीचा, ४ जीबी रॅमचा डेस्कटॉप सर्व्हर म्हणून सतत चालू असतो. त्यावर सेंटओएस ७ ही लिनक्स सिस्टिम आहे. घरचे फोटो, आजोबांच्या तंबाखूच्या व्यापाराच्या वह्यांचे स्कॅन आणि शेतीच्या पहाणीचे (सातबाऱ्यासारख्या उताऱ्याचे) कानडी कागद सांबावरून, म्हणजे नेटवर्कवर फोल्डर वाटणाऱ्या प्रोग्रॅमवरून, घरात सगळ्यांना उघडता येतात, शिवाय पाय-होल (वेबसाइटचे पत्ते शोधून देताना जाहिराती अडवणारा घरचा डीएनएस सर्व्हर) चालतो. आता सॉफ्टवेअर आणि अपडेट आणणारं 'यम' काहीच डाउनलोड करत नाही. अल्मालिनक्स, रॉकी, उबुंटू, डेबियन, फ्रीबीएसडी, ट्रूनास यांपैकी असं काय टाकावं की पुन्हा दहा वर्षं त्याकडे बघायला लागू नये?

डेबियन १३ टाका. पण ती दहा वर्षांची अट सोडून द्या, कारण तुमची आजची अडचण त्या अटीतूनच आली आहे. सेंटओएस ७ आलं २०१४ मध्ये आणि त्याचे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले. इतकी वर्षं काही करावं लागलं नाही हे खरं, पण शेवटी जागच्या जागी पुढे जायची अधिकृत वाट सेंटओएसने ठेवलीच नव्हती. जे ८ वर गेले त्यांचं तर जास्त नुकसान झालं. २०२९ पर्यंत चालेल म्हणून त्यांनी ते घेतलं, डिसेंबर २०२० मध्ये बंद करण्याची घोषणा झाली आणि ३१ डिसेंबर २०२१ ला ते संपलं.

म्हणून घरच्या सर्व्हरसाठी सिस्टिम निवडताना मी सपोर्टची वर्षं नंतर बघतो. आधी बघतो की डिस्क न पुसता पुढच्या आवृत्तीवर जाता येतं का, आणि ते काम करणाऱ्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे का. डेबियनमध्ये १२ वरून १३, १३ वरून १४ असं जायचं असतं. मधली आवृत्ती गाळायची नाही. प्रत्येक वेळी काय बदललं आणि कोणत्या क्रमाने अपग्रेड करायचं, याचं एक पूर्ण प्रकरण रिलीज नोट्समध्ये असतं. साधारण दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. पहिली तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि पुढे एलटीएस (वाढीव मुदतीचा सपोर्ट) धरून २०३० पर्यंत ते सुरक्षित राहतं. दोन-तीन वर्षांतून एक रविवार द्यायची तयारी ठेवलीत, तर हे मशीन जळेपर्यंत नव्याने इन्स्टॉल करायची वेळ येऊ नये.

अल्मा आणि रॉकी, रेड हॅटच्या लिनक्सशी जुळणाऱ्या या दोन्ही सिस्टिम मला चांगल्या वाटतात. तुमची नोकरी रेड हॅटच्या मशीनवरची असेल, तर घरीही तेच ठेवण्यात अर्थ आहे, हात तयार राहतो. जागच्या जागी जाण्यासाठी अल्माच्या लोकांनी 'एलिव्हेट' नावाचं साधन केलं आहे, त्याने ७ वरूनही पुढे जाता येतं. पण टप्प्याटप्प्याने, आणि बाहेरच्या रेपोतून (सॉफ्टवेअरच्या साठ्यातून) घेतलेली पॅकेजं वाटेत अडकतात. शिवाय तुमच्या प्रोसेसरची अडचण आहे. रॉकी १० ला एव्हीएक्स२ हा सूचनासंच असलेला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये तो २०१३ च्या, म्हणजे चौथ्या पिढीपासून आला, त्यामुळे तुमच्या आय-थ्रीवर रॉकी १० चालणारच नाही. अल्माने जुन्या प्रोसेसरसाठी १० ची वेगळी बांधणी दिली आहे, आणि ९ तर दोघांचंही चालेल. डेबियनला मात्र हा प्रश्नच येत नाही, कोणताही ६४-बिट प्रोसेसर त्याला पुरतो.

उबुंटू एलटीएस घेतलंत तरी माझी हरकत नाही, मुळात ते डेबियनवरच उभं आहे. मला ४ जीबीच्या मशीनवर कमीत कमी गोष्टी चालू असलेल्या आवडतात, एवढंच कारण. ट्रूनासला किमान ८ जीबी रॅम लागते आणि डेटाच्या डिस्क झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये नव्याने तयार कराव्या लागतात, तो विषय इथेच संपला. फ्रीबीएसडीबद्दल मला मनापासून आदर आहे. झेडएफएस त्यात आधीपासून असतं आणि अपडेट फसला तर बूट एन्व्हायर्नमेंटमुळे, म्हणजे सिस्टिमच्या जपून ठेवलेल्या जुन्या प्रतीमुळे, कालच्या स्थितीवर परत जाता येतं, हे फार मोठं सुख आहे. पण सेंटओएस ७ मूळ सेटिंगमध्ये एक्सएफएस ही फाइल सिस्टिम वापरतं आणि फ्रीबीएसडीला ते वाचता येत नाही. म्हणजे सगळा डेटा आधी दुसरीकडे हलवा, मग परत आणा. डेबियन तीच डिस्क आहे तशी वाचतं. डिस्कची विभागणी एलव्हीएमने केलेली असेल तर 'एलव्हीएम२' पॅकेज टाकायचं, एवढंच.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. सगळ्यात आधी वह्यांचे स्कॅन आणि पहाणीचे कागद बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि त्यातल्या काही फाइली उघडून बघा. पहाणी पुन्हा काढता येते, आजोबांच्या हातची वही झिजली की दुसरी मिळत नाही.

ती बाहेरची डिस्क विंडोजची, म्हणजे एनटीएफएसची असेल आणि तिच्यावर विंडोजवर नावं दिलेल्या फाइलीही असतील, तर त्या सर्व्हरवर आणताना एक गोष्ट आपल्याकडे आडवी येऊ शकते. एक्सएफएस आणि ईएक्सटी४ या लिनक्सच्या दोन्ही फाइल सिस्टिममध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. देवनागरी आणि कानडी अक्षराला तीन-तीन बाइट लागतात आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हांत नाव संपवायचं. विंडोजवर २५५ चिन्हं चालतात. गाव, सर्व्हे नंबर, भावकीतली नावं, तारीख असं सगळं नावातच लिहिलेली फाइल लिनक्सवर कॉपीच होत नाही, त्यामुळे अशी नावं आधीच आखूड करा.

इन्स्टॉल करताना डेटाच्या डिस्कची साटा केबल काढूनच ठेवा. इन्स्टॉलरमध्ये डिस्क निवडताना मग चूक होऊच शकत नाही. रूटचा पासवर्ड रिकामा सोडलात तर डेबियन स्वतःच तुमच्या युजरला सुडोचा (रूटची कामं करण्याचा) अधिकार देतं. आपले युजर दोन्हीकडे १००० पासून सुरू होतात, म्हणून जुन्याच क्रमाने युजर बनवले तर फाइलींची मालकी बहुतेक आपोआप जुळते. सांबाचे पासवर्ड मात्र नव्याने द्यावे लागतील.

वह्या स्कॅन करणारं मशीन जुनं असेल, तर त्याकडे लक्ष ठेवा. सांबाने २०१९ पासून फोल्डर वाटण्याची जुनी पद्धत, एसएमबी१, मूळ सेटिंगमध्ये बंद केलं आहे आणि सेंटओएस ७ मधलं सांबा त्याआधीचं होतं. थेट फोल्डरमध्ये स्कॅन टाकणारी जुनी मशीनं यामुळे अचानक थांबतात. एसएमबी१ परत चालू करू नका, ते असुरक्षित आहे. त्या मशीनला एफटीपीने किंवा पेन ड्राइव्हवर स्कॅन करायला लावा.

पाय-होलची सेटिंग त्याच्याच टेलिपोर्टर या सोयीतून काढून घ्या आणि काम चालू असेपर्यंत राउटरमधला डीएनएस बदलून ठेवा, नाहीतर सर्व्हर बंद केल्याबरोबर सगळ्या घराचं नेट जाईल.

नवीन सिस्टिम उभी राहिली की 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' चालू करा, म्हणजे सुरक्षेचे अपडेट रोज आपोआप बसतील. बायोसमध्ये लाईट आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हायची सेटिंग असते, तीही लावा. मी खानापूरचा. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट किती वेळा जाते-येते याचा हिशेब राहत नाही, आणि तुमच्याकडेही फार वेगळं नसावं. इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा, साध्या मोडमध्ये बदलायला लागणाऱ्या क्षणभरात डेस्कटॉप रीस्टार्ट होऊ शकतो. यूएसबी पोर्टवाला छोटा यूपीएस घेता आला तर फारच उत्तम. डेबियनमधलं 'नट' त्याची बॅटरी बघत राहतं आणि ती संपत आली की सर्व्हर नीट बंद करतं.

जुनी सेंटओएसची डिस्क लगेच पुसू नका. बूटसाठी छोटी एसएसडी घ्या, कोल्हापुरात सहज मिळेल, आणि डेबियन तिच्यावर टाका. सांबा किंवा पाय-होलची एखादी सेटिंग आठवली नाही, तर जुन्या डिस्कवरच्या 'ईटीसी' फोल्डरमध्ये ती सापडेल.