कोरियन युद्ध १९५३ मध्ये थांबलं, मग शांतता करार आजवर का झाला नाही?

तुम्ही विचारलं आहे की दोन्ही बाजू थकल्या होत्या, तोफा थांबल्या होत्या, मग करारावर सह्या करायला सत्तर वर्षंही का पुरली नाहीत? माझं सरळ उत्तर असं : १९५३ मध्ये सह्या केल्या त्या सेनापतींनी, आणि त्यांनी आपल्या अखत्यारीतले तेवढेच प्रश्न मिटवले. कोरियावर राज्य कोणाचं, या ज्या प्रश्नावरून युद्ध पेटलं, तो त्यांनी एका कलमात बांधून राजकारण्यांकडे सोपवला. राजकारण्यांनी पुढच्या वर्षी जिनिव्हात तो तसाच टाकून दिला.

आता जरा सविस्तर सांगतो, कारण वाटाघाटी कुठे अडल्या हे पाहिल्याशिवाय हे उत्तर पटणार नाही.

१० जुलै १९५१ ला कोरियातल्या केसाँग शहरात बोलणी सुरू झाली, एका बाजूला अमेरिकेच्या नेतृत्वाखालची संयुक्त राष्ट्रांची फौज, दुसऱ्या बाजूला चीन आणि उत्तर कोरिया. पहिल्याच बैठकीत संयुक्त राष्ट्रांच्या फौजेच्या शिष्टमंडळाचे प्रमुख, अमेरिकेचे अ‍ॅडमिरल जॉय यांना मुद्दाम बुटकी खुर्ची दिली गेली, म्हणजे समोरचे उत्तर कोरियाचे जनरल नाम इल उंच दिसावेत. टेबलावर संयुक्त राष्ट्रांचा छोटा झेंडा ठेवला, तर दुसऱ्या बाजूने त्याहून मोठा आणून ठेवला. वाचायला हे पोरकट वाटतं, पण कोणीच जिंकलेलं नव्हतं, त्यामुळे आपण हरलो नाही हे प्रत्येकाला दाखवायचं होतं. तरीही नोव्हेंबर अखेरपर्यंत युद्धविरामाची रेषा कशी ठरवायची यावर तत्त्वतः एकमत झालं होतं. म्हणजे भूमीचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. अडलं ते कैद्यांवर.

१९४९ च्या जिनिव्हा कराराचं ११८ वं कलम सांगतं की लढाई थांबली की युद्धकैद्यांना विनाविलंब मायदेशी पाठवावं. चीन आणि उत्तर कोरिया या कलमावर बोट ठेवून होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचं म्हणणं, ज्याला परत जायचं नाही त्याच्यावर सक्ती होणार नाही. १९४५ नंतर सोव्हिएत कैद्यांना बळजबरीने परत पाठवल्यावर त्यांचं काय झालं, हे पाश्चिमात्य देशांनी पाहिलं होतं, तेव्हा या भूमिकेत माणुसकी होती हे मी मान्य करतो. पण तिच्यात प्रचाराचा फायदाही होता. एप्रिल १९५२ मध्ये चाचपणी केली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या फौजेच्या ताब्यातल्या सुमारे १,३२,००० कैद्यांपैकी जेमतेम ७०,००० परत जायला तयार असल्याचं सांगण्यात आलं. असा आकडा पीकिंग, म्हणजे चीनचं सरकार, कसा मान्य करणार? शिवाय ही निवड मोकळेपणी झालेली नव्हती. दक्षिण कोरियातल्या कोजे बेटावरच्या छावण्यांमध्ये आतला कारभार कैद्यांच्याच टोळ्यांच्या हाती होता. काही बराकी कम्युनिस्टांच्या, काही त्यांच्या विरोधकांच्या. अनेक चिनी कैद्यांच्या अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदवल्या होत्या. असं गोंदण अंगावर घेऊन कोण घरी जाणार?

या एका मुद्द्यावर युद्ध वर्षाहून अधिक काळ लांबलं. एकेका टेकडीसाठी माणसं मरत राहिली. अमेरिकेच्या एकूण मृत आणि जखमींपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक हे बोलणी सुरू झाल्यानंतरचे आहेत. कोरियन आणि चिनी माणसांची गणती त्याहून किती तरी मोठी.

मार्ग निघाला तो भारताच्या मसुद्यावरून. कैदी तटस्थ देशांच्या आयोगाकडे द्यावेत, हा कृष्ण मेनन यांचा ठराव डिसेंबर १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मंजूर केला. सोव्हिएत प्रतिनिधी व्हिशिन्स्की यांनी त्यावर कडाडून टीका केली होती. ५ मार्च १९५३ ला स्टालिन गेले आणि महिना संपायच्या आत चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी जवळपास तसाच तोडगा पुढे केला. ८ जूनला कैद्यांबाबत करार झाला.

आणि मग सिंगमन री. दक्षिण कोरियाच्या या राष्ट्राध्यक्षांना सगळा देश एक झाल्याशिवाय लढाई थांबायला नको होती. १८ जूनला त्यांनी परस्पर छावण्यांचे दरवाजे उघडून सुमारे २७,००० उत्तर कोरियन कैदी सोडून दिले. सगळं फिसकटण्याच्या बेतात आलं. अखेर संरक्षण करार, आर्थिक मदत आणि मोठं सैन्य, इतकं पदरात पडल्यावर ते युद्धविरामात अडथळा आणणार नाही असं म्हणाले. सही मात्र केलीच नाही. २७ जुलै १९५३ ला पानमुनजोम या गावात संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतर्फे जनरल हॅरिसन आणि समोरून नाम इल यांनी दहा-बारा मिनिटांत सगळ्या प्रतींवर सह्या केल्या आणि एकमेकांशी एक शब्दही न बोलता निघून गेले.

आपल्याकडे विसरला गेलेला भाग यानंतरचा. तटस्थ आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय तुकडीचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूर भागातले मेजर जनरल शंकरराव थोरात. री यांनी भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून इंचॉनच्या बंदरात जहाजावरून हेलिकॉप्टरने त्यांना थेट दोन्ही फौजांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. परत जायला नकार देणारे २२,००० हून अधिक कैदी त्यांच्या ताब्यात आले. सप्टेंबरमध्ये कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून धरून ठेवलं, तेव्हा थोरात मोजकी माणसं घेऊन तारेच्या कुंपणाच्या आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. दोन्ही बाजू भारतावर पक्षपाताचा आरोप करत होत्या. प्रत्येक कैद्याला त्याच्या देशाचे प्रतिनिधी तंबूत बसून समजावून सांगणार, असं ठरलं होतं. पण बहुसंख्य कैदी तंबूपर्यंत आलेच नाहीत आणि नव्वद दिवसांची मुदत संपली. कोणत्याच बाजूला जायचं नाही असं म्हणणारे ८८ जण १९५४ मध्ये आपल्या सैनिकांबरोबर भारतात आले.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं. युद्धविरामाच्या ६० व्या कलमात तीन महिन्यांत राजकीय परिषद घ्यावी, अशी शिफारस होती. त्या परिषदेत भारत असावा की नसावा, यावर ऑगस्ट १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मतदान झालं. बाजूने २७, विरोधात २१, तटस्थ ११. दोन तृतीयांश मतं नव्हती, अमेरिका विरोधात होती, आणि भारताने स्वतःहून माघार घेतली. ज्या देशाचं सैन्य दोन्हीकडच्या कैद्यांची राखण करायला निघालं होतं, त्यालाच टेबलाशी जागा नाही!

परिषद भरली ती थेट २६ एप्रिल १९५४ ला, जिनिव्हात. अमेरिकेच्या बाजूला संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका हव्या होत्या. चीन आणि उत्तर कोरियाची बाजू म्हणाली, संयुक्त राष्ट्रं तर या युद्धातला एक पक्ष आहेत, आधी परकी फौजा हलवा. १५ जूनला कोरियाचा विषय गुंडाळला. तोवर व्हिएतनाममधला फ्रेंचांचा तळ दिएन बिएन फू पडला होता आणि सगळ्यांचं लक्ष इंडोचायनाकडे लागलं होतं.

आज करार करायचा म्हटलं तर कोणी आणि कोणाशी? युद्धविरामावर उत्तर कोरिया, चीन आणि संयुक्त राष्ट्रांच्या सेनादलाच्या प्रमुखांच्या सह्या आहेत, दक्षिण कोरियाची नाही. दक्षिणेची राज्यघटना अख्खं द्वीपकल्प आपलं मानते, तर उत्तरेने अलीकडे एकत्रीकरणाचं ध्येयच सोडून दक्षिणेला शत्रुराष्ट्र ठरवलंय. आणि युद्ध संपलंच, तर दक्षिणेतले सुमारे २८,५०० अमेरिकी सैनिक तिथे कशासाठी, हा प्रश्न लगेच पुढे येतो. त्याचं उत्तर द्यायची ना वॉशिंग्टनची तयारी आहे, ना सोलची. २०१८ मध्ये पानमुनजोमलाच दोन्ही कोरियांच्या नेत्यांनी त्याच वर्षी युद्धसमाप्ती जाहीर करायचं ठरवलं होतं. ते राहिलं, कारण अण्वस्त्रं आधी की घोषणा आधी यावर एकमत झालं नाही, आणि पुढच्या वर्षी हनोईत ट्रम्प आणि उत्तर कोरियाचे किम जोंग उन यांची बोलणी उत्तर कोरियावरच्या निर्बंधांपाशीच अडली. तुमच्या प्रश्नातल्या सह्यांचं घोडं सध्या तिथेच अडलेलं आहे.