बाळासाहेब खेर ‘ब्रिटनचे राजदूत’ होते का?

प्रश्न असा आला आहे: मुंबईचे एकेकाळचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यावरच्या एका लेखात ‘राजकारणातले खेर पुढे मुत्सद्दी झाले आणि ब्रिटनचे राजदूत म्हणून गेले’ असं वाक्य आहे. ते बरोबर आहे का?

आशय कळतो, पण या एका वाक्यात तीन शब्द घसरले आहेत. त्यातला सर्वात लहान शब्द ‘चे’ सगळ्यात जास्त घोळ घालतो, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

‘ब्रिटनचे राजदूत’ म्हणजे कोणाचे? ब्रिटनने पाठवलेले की ब्रिटनमध्ये गेलेले? मराठीत ‘चा-ची-चे’ दोन्ही अर्थ पेलतो, त्यामुळे बातमीत ‘रशियाचे राजदूत’ वाचलं की माणूस दिल्लीत बसलाय की मॉस्कोत, हे पुढचा परिच्छेद वाचेपर्यंत कळत नाही. आपल्या जुन्या मराठीत यावर सुरेख तोड होती: ‘कडील’. अफजलखानाकडील वकील कृष्णाजी भास्कर, महाराजांकडील वकील पंताजी गोपीनाथ. पाठवणारा कोण, हे त्या एका शब्दात पक्कं होतं. आज ‘कडील’ कानाला जुनाट वाटत असेल तर ‘भारताचे ब्रिटनमधील’ असं लिहावं. दोन अक्षरं वाढतात, पण संशय उरत नाही.

या जुन्या उदाहरणांत ‘वकील’ आला, तो मुद्दाम. मराठेशाहीत परक्या दरबारी राहणाऱ्या प्रतिनिधीला वकीलच म्हणत. दिल्लीतले हिंगणे हे पेशव्यांचे वकील. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची कैफियत घेऊन लंडनला गेलेले आणि १८५३ पर्यंत तिथे झगडत राहिलेले रंगो बापूजी हेही वकीलच. पुढे इंग्रजी न्यायालयं आली आणि शब्द कोर्टात जाऊन बसला. ‘वकिलात’ मात्र मागे राहिली, म्हणून दूतावासाला आजही आपण वकिलात म्हणतो. खेर पेशाने सॉलिसिटर. म्हणजे आजच्या अर्थाने वकील, आणि लंडनला गेले ते जुन्या अर्थाने वकील. एका माणसाच्या आयुष्यात शब्दाचे दोन्ही अर्थ असे क्वचितच एकत्र येतात. मला हे फार आवडतं.

आता ‘राजदूत’. खेरांचं लंडनमधलं पद राजदूताचं नव्हतं, उच्चायुक्ताचं होतं. राजदूत म्हणजे एका राष्ट्रप्रमुखाने दुसऱ्या राष्ट्रप्रमुखाकडे पाठवलेला प्रतिनिधी. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांचा राजा एकच. राजाने स्वतःकडेच दूत पाठवायचा तरी कसा? म्हणून या देशांनी आपसांत हायकमिशनर, म्हणजेच उच्चायुक्त, नेमले. भारत १९५० साली प्रजासत्ताक झाला तरी राष्ट्रकुलात, म्हणजे पूर्वीच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांच्या संघटनेत, राहिला आणि पदाचं नाव तसंच चालू राहिलं. कामात फरक नाही, दर्जा राजदूताइतकाच.

खात्री हवी असेल तर खेरांनंतर त्याच खुर्चीवर आलेल्या विजयालक्ष्मी पंडितांकडे पाहा. १९४७ मध्ये मॉस्कोत आणि १९४९ मध्ये वॉशिंग्टनला त्या राजदूत होत्या. १९५४ मध्ये लंडनला आल्या आणि उच्चायुक्त झाल्या. पुढे आयर्लंडचीही जबाबदारी त्यांच्याकडे आली, तिथे पुन्हा राजदूत, कारण आयर्लंड १९४९ मध्येच राष्ट्रकुलातून बाहेर पडला होता. बाई एकच, काळ एकच, देशागणिक पदनाम वेगळं. (महाराष्ट्राच्या राज्यपाल त्या यानंतर, १९६२ साली झाल्या.)

राहिला ‘मुत्सद्दी’. मूळ अरबी ‘मुतसद्दी’, म्हणजे काम अंगावर घेणारा, कारभार पाहणारा. मोगलांच्या काळात सुरत बंदराच्या मुख्य अंमलदाराला मुतसद्दी म्हणत. हिंदीत हा शब्द मुनीम-कारकुनापाशीच थांबला. मराठीत तो चढत गेला: तलवारीऐवजी लेखणीने आणि बोलण्याने राज्य राखणारा तो मुत्सद्दी. नाना फडणीस डोळ्यांसमोर येतात ते त्यामुळेच. म्हणजे मराठीत मुत्सद्दी हा गुण आहे, नोकरी नव्हे. नाना कुठल्या वकिलातीत नव्हते तरी मुत्सद्दी होते, आणि वकिलातीतला प्रत्येक अधिकारी मुत्सद्दी असतोच असं नाही. पेशा सांगायचा असेल तर ‘राजनैतिक अधिकारी’ किंवा ‘राजनयिक’ म्हणा. वर्तमानपत्रं पेशासाठीही ‘मुत्सद्दी’ सर्रास वापरतात. ते चूक म्हणणार नाही, पण त्याने शब्दाची धार जाते. शिवाय ‘पुढे मुत्सद्दी झाले’ म्हटलं की खेर आधी नव्हते, असा अर्थ निघतो. १९३७ ते ३९ आणि पुन्हा १९४६ ते ५२ मुंबई प्रांताचा कारभार ज्यांनी चालवला, त्यांच्याबद्दल हे बरं नाही.

एक जोडमुद्दा, कारण याच लेखातून पुढचा प्रश्न येईल: १९३७ च्या संदर्भात खेरांना ‘मुंबईचे पंतप्रधान’ म्हटलेलं दिसलं तर दचकू नका. १९३५ च्या कायद्याखाली प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला इंग्रजीत तेच पदनाम होतं. आजच्या वाचकासाठी ‘मुख्य प्रधान’ लिहिलं तर गोंधळ टळतो.

तर वाक्य मी असं लिहीन: ‘मुंबईचं मुख्यमंत्रिपद सोडल्यावर खेर १९५२ मध्ये भारताचे ब्रिटनमधील उच्चायुक्त झाले.’ आणि त्यापुढे एक वाक्य जोडायला विसरू नका, कारण आपल्यासारख्या शब्दवेड्यांना तेच जवळचं: लंडनहून परतल्यावर १९५५ साली नेमलेल्या राजभाषा आयोगाचे अध्यक्ष हेच बाळासाहेब खेर होते.